कॉम्प्युटर कुठं ठेवता?

"भाऊ, चांगलं कार्ड कितीला पडेल?" असं विचारत माणूस दुकानात शिरला की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. चप्पल घ्यायला गेलेला माणूस निदान पाय पुढं करतो. आमच्याकडं येणारे पाय घरी ठेवून येतात. कॉम्प्युटर कसला, पडदा केवढा, वीज पुरवणारा डबा किती ताकदीचा, काही सांगत नाहीत. फक्त चांगलं द्या, भारी द्या, शेजारच्याच्या वरचं द्या.

हे मी घरी वहीत लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. दुकानाचे मालक भाऊ, त्यांच्या घरून जुने दिवाळी अंक रद्दीत येतात. त्यांत कुणी स्टेशनमास्तर, कुणी नर्सबाई आपापल्या नोकरीचं लिहितात. वाचताना वाटायचं, आपल्याकडंही सांगण्यासारखं थोडं आहे. तोंडानं सांगणं मला जमत नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात लिहिणं जमतं.

नाशिकला द्वारकेच्या चौकातून आत वळलं की एका गल्लीत आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मालक संजयभाऊ. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला मावशी म्हणतात. मी तिथं झाडू-पोछा करायला लागले, त्याला बारा वर्षं झाली. आता मी ग्राफिक कार्डं उघडते, साफ करते, पुन्हा बसवते. ही बढती कशी झाली ते सांगते, पण आधी कार्ड म्हणजे काय ते.

कॉम्प्युटरमध्ये चित्र काढणारा एक वेगळा कामगार असतो, तो म्हणजे ग्राफिक कार्ड. पत्र टाइप करायला तो लागत नाही. गेम खेळायला लागतो, कारण गेममध्ये एका सेकंदात साठ-साठ चित्रं काढावी लागतात. इतकं काम केलं की तो तापतो. म्हणून त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा जाळीदार पत्रा आणि त्यावर दोन-तीन पंखे. आतला मेंदू आणि तो पत्रा यांच्या मध्ये एक राखाडी मलम लावतात, त्याला पेस्ट म्हणतात. पेस्ट सुकली, पंख्यात धूळ बसली की कार्ड तापतं आणि गेम अडखळतो. मग गिऱ्हाईक म्हणतं कार्ड जुनं झालं, नवीन द्या. निम्म्या वेळा नवीन लागत नाही. साफ केलं की पुरतं.

आणि ते जीबी! "आठ जीबी नको, बारा जीबी द्या." मी आतून ऐकते आणि दात आवळते. जीबी म्हणजे कार्डाजवळची ठेवायची जागा. गोठा केवढा आहे यावरून बैल किती ओढील हे कळत नाही. मोठा गोठा आणि आत मरतुकडा बैल, अशी कार्डं बाजारात पुष्कळ आहेत. खोक्यावर आकडा मोठा आणि दिवे रंगीत असले की लोक तीच उचलतात.

मी मूळची सुरगाण्याकडची. आमच्याकडची माणसं भातकापणी झाली की खाली दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. लग्नाआधी आणि नंतरही मी पंधरा-सोळा हंगाम बागेत काढले. विरळणी हे माझं काम. द्राक्षाचा घड लहान असताना त्यातले दाटीचे मणी बारीक कात्रीनं काढायचे, उरलेल्या मण्याला कात्रीचं टोकही लागू द्यायचं नाही. मणी दुखावला की घड वाया, आणि बागायतदाराची बोलणी वर.

दुकानात एकदा कार्डं उघडणारा कारागीर काम सोडून गेला. टेबलावर एक कार्ड तसंच उघडं पडलेलं. भाऊ मोठ्या बोटांनी त्याचा बारीक स्क्रू शोधत होते आणि चिडत होते. मी झाडू भिंतीला टेकवला आणि चिमट्यानं तो उचलून दिला. मग दुसरा. मग भाऊ म्हणाले, "मावशी, तुम्हीच करा." तेव्हापासून करते. पेस्ट किती लावायची ते त्यांनी तीनदा समजावलं. मी म्हटलं, पानाला चुना लावतात तेवढी ना? ते म्हणाले, हो, तेवढीच.

पण टेबलापुढं भाऊंनी एक पडदा लावला. निळा, सुती. म्हणाले, "राग मानू नका मावशी. लोक महागाचं कार्ड आणतात. लुगडं नेसलेली बाई उघडते आहे असं दिसलं तर घाबरतील." मला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. अनोळखी माणसानं माझ्याकडं पाहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पडद्यामागं मी आणि कार्डं. बोलावं लागत नाही.

ऐकावं मात्र सगळं लागतं. एकानं एवढं लांब कार्ड घेतलं की ते त्याच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, मावेना. मोजून घेतलं का, असं भाऊंनी विचारलं होतं. "बसतं हो," म्हणाला. बसलं नाही, तर त्यानं वेल्डिंगवाल्याकडून डब्याचा पत्रा कापून आणला आणि लोखंडाच्या किसासकट आमच्याकडं टाकला. दुसरा एकजण चार महिने फोन करून भांडत होता की नवीन कार्डानं काही फरक पडला नाही. शेवटी कॉम्प्युटर घेऊन आला. कॉम्प्युटरच्या पडद्याची वायर नवीन कार्डात नव्हती, जुन्याच भोकात होती. नवीन कार्ड चार महिने रिकामं बसून पगार खात होतं. भाऊंनी वायर बदलली तर म्हणतो कसा, "हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." भाऊंनी सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. पण मी कुठं बोलणार?

या कामात एक गोष्ट मला लवकर कळली. कार्ड उघडलं की घर कळतं. मालेगावहून आलेल्या कार्डाच्या पंख्यात वात वळता येईल इतका कापूस असतो, कारण घरातच यंत्रमाग चालू असतात. पिठाच्या गिरणीवाल्याच्या कार्डात कणकेचा थर. स्वयंपाकघराशेजारी ठेवलेलं कार्ड फोडणीनं चिकट झालेलं. गिऱ्हाईक सांगतं, "काही नाही हो, बंद खोलीत असतं." कार्ड खोटं बोलत नाही.

आता नानांचं सांगते. त्यांच्यासाठीच वही उघडली.

नाना दिंडोरीकडचे. वय साठीच्या आसपास. दोन एकर द्राक्षबाग. त्याआधी ट्रक चालवायचे, द्राक्षं भरून पार दिल्ली, कलकत्त्यापर्यंत. पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ट्रक बंद केला. मग कुणीतरी त्यांना ट्रक चालवायचा गेम दाखवला. नानांनी कॉम्प्युटर घेतला, खरं स्टिअरिंग आणि पायाचे पेडल घेतले आणि भाऊंकडून भारी कार्ड घेतलं. आवाज मोठा. दुकानात आले की पडद्यापलीकडं ट्रकच उभा राहिल्यासारखं वाटायचं.

"काचेवर पाऊस पडतो ना भाऊ, तो खरा दिसला पाहिजे. नायतर काय मजा?"

हे ऐकून मला हसू आलं होतं. माणूस तक्रार करायचा, पण कशासाठी घेतो आहे ते त्याला माहीत होतं. असे थोडे असतात.

त्यांचं पहिलं कार्ड सहा महिन्यांनी साफसफाईला आलं. मी पंखे काढले आणि एक वास आला. आगपेटीच्या काडीसारखा. जाळीत पिवळसर भुकटी. मी तो वास लगेच ओळखला. गंधक. द्राक्षावर भुरी नावाचा रोग येतो, पानावर पांढरं पीठ पडल्यासारखा. त्यावर गंधकाची भुकटी मारतात. बागेत सगळे त्याला सल्फर म्हणतात. हंगामात डोळे चुरचुरायचे, अंगाला दिवसभर तो वास. त्या दिवशी मला माझ्या जुन्या मैत्रिणी आठवल्या, बांधावरची भाकर आठवली. मी कार्ड स्पिरिटनं स्वच्छ पुसलं, पेस्ट लावली आणि परत दिलं. कुणाला काही बोलले नाही.

दहा महिन्यांत ते कार्ड मेलं. कंपनीनं गॅरंटीत बदलून दिलं. दुसरं मध्ये साफसफाईला आलं, पुन्हा तोच वास, मी पुन्हा गप्प. ते सात महिन्यांत मेलं. तेही बदलून आलं. तिसरंही साफसफाईला येऊन गेलं, आणि मेलं तेव्हा कंपनीनं परत पाठवलं आणि सोबत कागद: आतले भाग गंजले आहेत, गॅरंटी लागू नाही.

त्या शनिवारी नाना आले.

"काय खेळ लावलाय भाऊ? उभ्या जन्मात तीन इंजिनं नाय बदलली म्या. तीन कार्डं झाली!"

"नाना, कंपनी म्हणते गंज आहे. काही सांडलं असेल. पाणी, चहा..."

"कार्डावर चहा वततो का मी? नैवेद्य दाखवतो का त्याला?"

"तसं नाही हो."

"मग कसं? तुमीच वापरलेला माल विकता. गावात सांगतो सगळ्यांना. आमच्याकडची वीस पोरं हितूनच घेत्यात."

वीस गिऱ्हाइकं म्हटल्यावर भाऊंचा आवाज बदलला. मला आजही तो आवाज ऐकू येतो.

"नाना, आमचा माल चोख आहे. हां, मध्ये साफसफाईला इथं आलं होतं, ते... आमच्याकडं एक बाई आहे. ती स्पिरिट लावते. तिच्या हातून जास्त झालं असेल."

"बाई?"

पडदा सर्रकन बाजूला झाला. नाना समोर. मी हातात चिमटा धरून बसलेली.

"माझं कार्ड ही बाई उघडती?" ते माझ्याकडं नाही, भाऊंकडं बघून म्हणाले. "शिकलेली किती?"

भाऊ काउंटर पुसायला लागले. चौथी, एवढा एकच शब्द होता, पण मी हातातल्या चिमट्याकडं बघत राहिले.

"ठिवा हे कार्ड तुमच्याकडंच," असं म्हणून नानांनी मेलेलं कार्ड माझ्या टेबलावर आपटलं आणि निघून गेले. भाऊ जरा वेळानं म्हणाले, "मावशी, सोमवारपासून टेबलावर नका बसू. झाडू-पोछा चालू ठेवा. हे प्रकरण शांत होऊ दे."

बारा वर्षं. शेकडो कार्डं. एकाही कार्डाचा एक स्क्रू माझ्या हातून हरवला नव्हता.

भाऊ जेवायला गेल्यावर मी ते मेलेलं कार्ड भिंगाखाली धरलं. तिळापेक्षा बारीक चौकोनी भाग असतात, रांगेनं. त्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. स्पिरिटनं असं होत नाही. स्पिरिट उडून जातं. हा काळा रंग मी कुठंतरी पाहिला होता. कार्डावर नाही. मग माझी नजर खाली माझ्या पायाकडं गेली आणि आठवलं.

जोडवी. बागेत गंधकाच्या दिवसांत आम्हा सगळ्या बायांची चांदीची जोडवी काळी पडायची. तव्यासारखी काळी. आम्ही ती राखेनं घासायचो, चार दिवसांत पुन्हा तशीच. बागायतदाराला त्याचं काय? पुरुष जोडवी घालत नाहीत.

रविवारी मी निमाणीच्या स्टँडवरून बस धरली. नानांचं गाव बिलावर होतं. बसमध्ये सगळ्या वाटेनं एकच वाक्य घोकत गेले: "मी दुकानातली बाई." पुढचं काय बोलायचं ते सुचत नव्हतं. गावात उतरल्यावर परत फिरावं असंही वाटलं, पण परतीची बस दोन तासांनी होती.

दार नानांच्या बायकोनं उघडलं. कमलबाई. मी वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "उन्हात का उभी? आत ये." आतून नानांचा आवाज आला, "कोन हाय?" आणि मग मला पाहून, "आता घरी पन आली व्हय?"

"कॉम्प्युटर कुठं ठेवता?" मी विचारलं. एवढंच निघालं तोंडातून.

कमलबाईंनीच दाखवला. मागं औषधाची खोली होती. बागेची औषधं, पंप, कुलूप लावायची घट्ट दाराची खोली प्रत्येक बागायतदाराकडं असते. तिथं भिंतीला लागून गंधकाची पोती रचलेली, दोन उघडी. आणि त्यांतल्याच दोन पोत्यांवर फळी टाकून नानांनी कॉम्प्युटर ठेवला होता. समोर स्टिअरिंग, त्याच्यावर धुतलेला टॉवेल झाकलेला. कार्ड नसल्यानं गेम उघडत नव्हता.

मला रडू यावं की हसू, कळेना. कार्डाचे तीन पंखे दिवसभर ते गंधक ओढून पोटात घेत होते.

"इथं का?" मी म्हटलं.

"जमिनीला वल असती. पोती कोरडी," नाना म्हणाले. "उंदीर येत नाय या खोलीत. कुलूप हाय. याच्यापेक्षा चांगली जागा कोनती?"

कमलबाई म्हणाल्या, "मी पुढच्या खोलीत नको म्हनले. पाव्हने येत्यात. म्हातारा मानूस खेळन्यातला ट्रक चालवतोय म्हनून हसत्यात लोकं."

"सल्फरनं खराब होतं," मी म्हणाले.

नाना हसले. "आमचा बाप सल्फर मारायचा, मी मारतोय. मानसाला काय होत नाय, मशीनला काय व्हतंय? तू शिकलेली किती?"

"चौथी," मी म्हणाले. मग कमलबाईंना म्हणाले, "ताई, पाय पुढं करा."

त्यांनी पाय पुढं केला. जोडवी काळी कुळकुळीत.

"ही अशी का?"

"ती तर पडतातच काळी," कमलबाई म्हणाल्या. "बागायतदाराच्या बायकोची जोडवी काळीच. लग्नाला जायचं आसलं की घासायची."

"तेच कार्डाला होतं. त्याला राखेनं घासता येत नाही."

नानांनी वाकून जोडवी पाहिली. मग म्हणाले, "कार्डात चांदी कुठली?"

ते मला माहीत नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं. मी खाली बसले आणि माझं एक जोडवं काढायला लागले. आदल्या दिवशीच घासून चकचकीत केलं होतं.

"अगं अगं! सवाष्णीनं काढू नये बाई!" कमलबाई ओरडल्या.

काढलं. कॉम्प्युटरच्या डब्यावर, वारा आत जातो त्या जाळीजवळ ठेवलं. "पंधरा दिवस असू द्या. कॉम्प्युटर रोज चालू ठेवा. दुसरं मी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवते. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा."

"आन् काळं नाय पडलं तर?"

"तर माझ्याच हातानं बिघडलं. मी झाडूच मारीन."

इतकं बोलणं मी परक्या माणसाशी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

घरी आमच्या ह्यांनी पाय पाहिला. एक नानांकडं, दुसरं दुकानात न्यायला काढून ठेवलेलं, एवढंच मी सांगितलं. म्हणाले, "एक तिकडं, एक इकडं? म्हणजे मी अर्धा मेलो की काय?" मग मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "काळं पडू दे म्हणजे झालं." ते वॉचमन आहेत. जास्त बोलत नाहीत. आम्ही दोघं तसेच.

पुढचे दिवस मी झाडू मारला. टेबलावर भाऊ स्वतः बसायचे. पेस्ट अशी लावत होते, जसा पावावर मस्का. कडेनं बाहेर येत होती. एकदा पंखा साफ करताना हवेचा झोत इतक्या जोरात मारला की पातं तुटलं. पंखा बोटानं धरून मग हवा मारायची असते, नाहीतर तो भरमसाट वेगानं फिरतो. मी पोछा मारत होते. तोंड उघडलं, आणि मिटलं. विचारलं कुणी?

पंधरा दिवस झाले. नाना आले नाहीत. सतरा, अठरा. मला वाटलं विसरले, किंवा जोडवं पांढरंच राहिलं आणि यायची गरज वाटली नाही. विसाव्या दिवशी दुपारी तो मोठा आवाज आला. नाना काउंटरवर आले आणि खिशातून कागदाची पुडी काढून उलटी केली. टण्ण.

"हे काय?" भाऊ म्हणाले.

"तुमच्या बाईचं जोडवं. माझ्या खोलीत ठिवलं व्हतं. बघा." मग माझ्याकडं वळून, "दुसरं आन गं."

मी ड्रॉवरमधलं आणलं. दोन्ही शेजारी ठेवली. एक पांढरं, एक काळं. एकाच कारागिराकडची जोडी आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. नानांनीच भाऊंना सगळं सांगितलं, पोती, फळी, पंखे. भाऊंनी मोबाईल काढला, बराच वेळ वाचत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या बारीक भागांत आत चांदी असते. गंधकानं खराब होते, असं लिहिलंय."

मला बरं वाटलं. पण नाना ट्रकवाले. सगळं तपासल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.

"बाई, तीन कार्डं तूच उघडली. तवा वास नाय आला?"

"आला," मी म्हणाले. "पहिल्याच वेळी आला."

"मग बोलली का नाय?"

"पडदा होता," मी म्हणाले.

नानांनी पडद्याकडं पाहिलं, मग भाऊंकडं. "काढा की मग तो."

"नाना, गिऱ्हाइकांना जरा..."

"मी गिऱ्हाईकच हाय."

पडदा होता, असं मी म्हणाले, पण वहीत तरी खरं लिहायला हवं. पडद्याच्या कापडातून आवाज जातो. नाना पलीकडं उभे होते, भाऊ चार हातांवर होते. "या कार्डात गंधक आहे" एवढे चार शब्द होते. मी ते बोलले असते तर दोन कार्डं वाचली असती आणि त्या माणसाचा रस्ता तीन वेळा बंद पडला नसता. गिऱ्हाईक काही सांगत नाही म्हणून मी बारा वर्षं चिडत आले, आणि मला माहीत असलेलंही मी कुणाला सांगितलं नाही.

त्याच दिवशी नानांनी चौथं कार्ड निवडलं. भाऊ मोठ्या खोक्याकडं हात नेत होते. मी म्हटलं, "एवढं नको. नानांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेवढं दिसणारच नाही. मधलं द्या. उरलेल्यात वीज पुरवणारा डबा चांगला घ्या."

"काचेवरचा पाऊस दिसंल ना?" नानांनी मला विचारलं. मला.

"दिसेल. पण आधी पोती हलवा."

"हलवतो. द्राक्षं निघाली की हलवतो."

माझ्या कपाळाची शीर उडाली. द्राक्षं निघायला तीन महिने होते! मी कार्डाचं खोकं परत दुकानाच्या फळीवर ठेवलं. नानांनी माझ्याकडं पाहिलं, मग फोन लावला आणि म्हणाले, "कमल, कॉम्प्युटर पुढच्या खोलीत घे. हसूंदे पाव्हन्यांना." मग मी खोकं खाली काढलं. ते कार्ड अजून चालू आहे. साफसफाईला येतं तेव्हा त्यात घराची साधी धूळ असते आणि कमलबाईंच्या उदबत्तीचा वास. उदबत्तीचंही सांगायचं आहे, पुढच्या वेळी सांगीन.

भाऊ आता गंधकाची गोष्ट प्रत्येक द्राक्षवाल्याला सांगतात. "आम्ही शोधून काढलं," म्हणतात. आम्ही म्हणतात, हेही पुष्कळ. टेबल माझं मला परत मिळालं. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या काढल्या. कापड मऊ होतं. त्याचे चौकोनी तुकडे केले, डब्याचे पत्रे पुसायला कामी येतात. पहिल्या तुकड्यानं ते काळं जोडवं घासलं. पूर्वीसारखं पांढरं काही झालं नाही, पण घातलं.

परवा एक कळवणचा माणूस आला. "भाऊ, चांगलं कार्ड कितीला पडेल?"

मी टेबलावरूनच म्हणाले, "कॉम्प्युटर कुठं ठेवता?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं, हातातल्या चिमट्याकडं पाहिलं. मग भाऊंकडं वळून म्हणाला, "बजेट तसं बऱ्यापैकी आहे."

मी चिमटा खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं.